माझ्या दारातली बिनसावलीची दुपार

२०२३ साल. मला शहात्तरावं लागलं होतं. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मी म्हणतो शहात्तर म्हणजे शहात्तर, आणि या बाबतीत आजवर माझ्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

मी गवंडी. निलंगा तालुक्यात माझ्या हातच्या भिंती पुष्कळ आहेत आणि त्यातली एकही वाकडी नाही. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत बसायच्या वेळेला बापानं पाटी काढून घेतली आणि डोक्यावर घमेलं दिलं. वाचायला येतं. सावकाश येतं, पण एकदा वाचलेलं मी विसरत नाही.

माझ्या मुलाची थोरली मुलगी तेव्हा नांदेडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहून. विषय भौतिकशास्त्र. आमच्या गल्लीत हा शब्द सरळ कुणाच्या तोंडात बसला नाही, माझ्या मात्र पहिल्या दिवसापासून बसला, कारण मी तो लोकांना सारखा सांगत फिरायचो. तिला पुढं दोन वर्षं पुण्याला जाऊन ग्रहताऱ्यांचं शिकायचं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात उदगीरहून तिला स्थळ आलं. पोरगा सरकारी नोकरीत, माणसं चांगली, आपल्याच समाजातली. त्यांना लवकर होय की नाही ते हवं होतं.

मुलगा माझा वाईट नाही. एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. जे पान्यानं उघडतं तेवढंच खरं, असा त्याचा स्वभाव. एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना त्यानं विषय काढला.

"बाबा, नर्सिंगला घातली असती तर आज दवाखान्यात लागली असती. हे आकाशाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आकाश काय भाड्यानं आणलंय का, परत करायला?"

"चेष्टा नको. पोरगी एकटी पुण्याला राहणार, दोन वर्षं. कशासाठी? जे हाताला लागत न्हाई त्याच्यासाठी."

"हाताला लागत न्हाई म्हणून खोटं असतं का?"

तो थोडा वेळ भाकरी चुरत राहिला. मग म्हणाला, "ठीक हाय. तिला एवढं कळतं ना आकाशाचं? एक गोष्ट सांगू द्या. एकच. जी मला इथं माझ्या दारात, माझ्या डोळ्यांनी दिसंल. मोबाईलात न्हाई, फोटोत न्हाई. तसं झालं तर उदगीरला न्हाई म्हणून कळवतो."

"शब्द?"

"शब्द."

सून वाढता वाढता थांबली. "आन् न्हाई झालं तर?"

"तर बाबांनी मधी बोलायचं न्हाई," मुलगा म्हणाला.

मी हाव म्हणालो. विचार करायला वेळ घेतला असता तर तो भिऊन घेतला असं त्याला वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नातीला फोन केला. शब्दाचं सगळं सांगितलं. तिच्या परीक्षा चालू होत्या, त्यात म्हाताऱ्यानं तिचं आयुष्य पैजेवर लावलेलं. पण पोरगी माझ्यावर गेली आहे. म्हणाली, "आबा, या शुक्रवारी सूर्य आपल्या गावाच्या बरोबर डोक्यावर येतोय, मग मंगळवारी इथं नांदेडच्या. वर्षात दोनदाच येतो असा. उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. दिसतच नाही."

"हे तर रोजचंच हाय. दुपारी सावली पायाखालीच असती."

"नाही आबा. रोज थोडी तरी बाजूला असते. तुम्ही आयुष्यभर उन्हात काम केलं, नीट बघितलं नाही का?"

हे मला लागलं. फोन कानाला धरून मी डोळे मिटले आणि आठवायला लागलो. हिवाळ्यात बांधकामावर भर दुपारी भाकरी खायला बसायचो तेव्हा भिंतीच्या उत्तरेला बसायचो, कारण सावली तिकडं. जूनमध्ये पाया खांदताना ढग फाटला तर दुपारची बोटभर सावली दक्षिणेला पडायची, माती चिकटलेले पाय त्यात ठेवायचो. हे मला माहीत होतं, पण दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी कधी मांडल्या नव्हत्या.

मी म्हणालो, "म्हणजे सावली आधी उत्तरेला असती, मग दक्षिणेला जाती. मग मधी एक दिवस असा पाहिजेच की ती कुठंच न्हाई."

पलीकडं ती हसली. "आबा, हे तुम्हीच आधी सांगितलं असतं तर माझं एक लेक्चर वाचलं असतं. आता फक्त वेळेचं ऐका. बारा वाजता नाही बघायचं, आपल्या—"

"दुपार कधी होती ते मला शिकवू नको. पेपर नीट लिही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

शुक्रवारपर्यंत मी गप्प बसलो नाही. गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, शुक्रवारी दुपारी माझ्या दारात या, सूर्य येणार आहे. लपूनछपून करायचं असेल तर करायचंच कशाला? माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "मिस्त्री, घरं बांधून दमला, आता सावल्या पाडायला लागला का?"

"पाडत न्हाई. घालवणार हाय."

शुक्रवारी सकाळी दाराम्होरच्या ओट्यावर लोखंडी पाईप उभा केला, माझ्या छातीएवढा. आधी ओटा पाण्याच्या नळीनं लेव्हल केला, कारण पाईप सरळ आणि खालची फरशी उतरती असली तर सावली खोटं बोलते. मग पाईपाला दोन बाजूंनी ओळंबा लावला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, दुसरं काही नाही. पण त्याच्याएवढं खरं बोलणारं हत्यार गवंड्याकडं नसतं. ते नेहमी पृथ्वीच्या पोटाकडं बोट दाखवतं. त्या दोरीवरून नजर उलट वर नेली तर ती बरोबर डोक्यावरच्या आकाशाकडं जाते. त्या दिवशी तिथंच सूर्य यायचा होता. पाल्हाळ आहे म्हणा, पण हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं.

माणसं जमली. मे महिन्याची दुपार, दुसरं काम नाही, आणि अर्धे तर मी तोंडावर पडतो का ते बघायला आले होते. मी पाहुणचाराला टरबूज आणून बादलीत गार करत ठेवलं होतं. मुलगा रजा टाकून घरी थांबला होता. तो सावलीत, छपराखाली बसला. सून दारात.

पाईपाची सावली सकाळपासून आखडत आली होती. लांब होती ती हातभर झाली, हातभराची वीतभर. सगळे घड्याळाकडं बघून राहिले. चुलतभावानं मोबाईल वर धरला आणि एसटी स्टँडवर गाडी पुकारावी तसा ओरडला, "बारा! बरोब्बर बारा!"

सावली होती. पश्चिमेच्या बाजूला चांगली चार-पाच बोटं, काळीभोर.

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळेच.

"मिस्त्री, पाईप वाकडा असंल," चुलतभाऊ म्हणाला.

बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. मी उठलो, सगळ्यांसमोर ओळंबा पुन्हा लावला, दोन्ही बाजूंनी. "ये, बघ. सुईची फट सापडली तर दाखव."

त्यानं वाकून बघितलं. "पाईप सरळ हाय बाबा. मग सूर्य वाकडा."

पुन्हा हसू. मी नातीला फोन लावला तर बंद. ती पेपरला बसली होती, ते मला माहीतच होतं, तरी लावला. मुलगा उठला. हसला नाही तो. पॅंटची धूळ झटकली आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "चला बाबा, जेवून घ्या. ऊन लई हाय." त्याच्या आवाजात एवढी माया होती की त्यापेक्षा त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. सून आत वळली. मला पाठमोरी सून दिसली आणि कळलं की आता आत जाऊन ती उदगीरच्या पाहुण्यांसाठी काय करायचं याचा विचार करणार.

आमच्या समोरच टेलर मास्टरचं दुकान. आमच्या बापांची ओळख, आमची ओळख. त्याच्या दुकानाची भिंत माझी आणि माझे सगळे सदरे त्याचे. शुक्रवार म्हणून तो आंघोळ करून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून दारात उभा होता.

"मिस्त्री, हे समदे काय बघून राहिले?"

"सूर्य डोक्यावर येणार होता. आला न्हाई."

"आत्ताच कसा येईल? बारा कू ज़वाल कां होता? बाराला सूर्य कुठं कलतो?" तो पायरी उतरून आला. "दोपहरची नमाज सूर्य डोक्यावर असताना पढत न्हाईत. तो कलला की मग. लहानपणापासून ते एकच सांभाळत आलो. सध्या बारा वाजून वीस मिनटाच्या आसपास कलतो. हिवाळ्यात येगळा, पावसाळ्यात येगळा. घड्याळाचे बारा हे सरकारचे बारा, मिस्त्री. सूर्याला काय डेपोचं टाईमटेबल असतं का?"

डेपोचं म्हणाला तेव्हा मुलानं मान वर केली.

आणि मला एकदम आठवलं. मागं कधीतरी नातीनं सांगितलं होतं की सगळ्या देशाचं घड्याळ एकच असतं, आणि ते आपल्या पूर्वेला लांब असलेल्या एका जागेच्या दुपारीवर लावलेलं आहे. तेव्हा मी हं हं करून चहा प्यायलो होतो. पण म्हणालो ना, विसरत मी काही नाही.

लोक पांगायला लागले होते. मी ओरडलो, "कुणी उठायचं न्हाई! टरबूज कापायचं हाय."

सगळे बसले.

टरबूज बादलीतनं काढलं, पुसलं. "मास्टर, टाचण्या आण." मास्टरनं दुकानातली टाचण्यांची डबीच आणली. मी टरबूज भर उन्हात मांडीवर धरलं आणि त्याच्या सालीत टाचण्या उभ्या टोचल्या, एका रांगेत, पूर्वेकडून पश्चिमेकडं.

"ही पृथ्वी. या टाचण्या म्हणजे गावोगाव उभे केलेले पाईप. आता बघा. कोणत्या टाचणीला सावली न्हाई?"

सगळ्यांनी माना पुढं केल्या. चुलतभावानं सगळ्यात आधी बोट ठेवलं. "ही. मधली."

"का न्हाई? तर ती सरळ सूर्याकडं टोक करून हाय. बाकीच्या तिरक्या हायेत, म्हणून त्यांना सावली." मग मी टरबूज आधी थोडं पश्चिमेला मागं वळवलं आणि हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरवलं, पृथ्वी फिरते तसं. पूर्वेच्या टाचणीची सावली आधी गेली, मग तिच्या शेजारच्या, मग पुढच्या. "दुपार अशी गावागावानं चालत येती. तिकडं पूर्वेला आधी दुपार होती. घड्याळ तिकडच्या दुपारीवर लावलंय. तिकडं बारा वाजले की इथंबी बारा वाजले म्हणायचं. पण सूर्य अजून वाटेवर असतो."

"म्हणजे आपण रोज खोट्या बाराला जेवतो?" कुणीतरी विचारलं.

"तू तर अकरालाच जेवतोस," मास्टर म्हणाला.

आता ते हसले ते माझ्याबरोबर हसले. माणूस आपल्याला हसतो आणि आपल्याबरोबर हसतो, यातला फरक मला तरी पाठीलासुद्धा कळतो.

चुलतभाऊ सहज सोडणारा नव्हे. "मग हे रोजच होईना का? आजच का?"

"कारण पृथ्वी कलून उभी हाय." मी टरबूज जरा तिरकं केलं; हेही नातीनंच कधीतरी सांगितलेलं. "अशी कललेलीच सूर्याभवती फिरती, म्हणून कधी तिची वरची बाजू सूर्याकडं, कधी खालची. मला वाकडं काही आवडत न्हाई, पण ही वाकडी हाय म्हणूनच उन्हाळा हाय आन् हिवाळा हाय. सध्या सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकून राहिला. आज तो आपल्या डोक्यावर, उद्या-परवा लातूरच्या, मंगळवारी नांदेडच्या. मग पुढं जून संपायच्या आधी परत फिरतो आन् जुलैत पुन्हा आपल्यावरून दक्षिणेला जातो."

"दिल्लीला कधी पोचतो?"

मी वरच्या अंगाला लांब एक टाचणी टोचली. "तिथं पोचायच्या आधीच माघारी फिरतो. दिल्लीची सावली कधीच जात न्हाई."

"म्हणजे दिल्लीवाल्यांना जे दिसत न्हाई ते निलंग्याला दिसतं!" चुलतभाऊ उठून उभा राहिला आणि जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलं असं लोकांकडं बघायला लागला.

हे सगळं मी बोललो तेव्हा माझ्या तोंडून एकही इंग्रजी शब्द गेला नाही आणि समोर बसलेल्यांतला एकही माणूस मधून उठला नाही. आयुष्यात मी मोठमोठ्या स्लॅब ओतून घेतल्या, पण एवढी माणसं मी माझ्या बोलण्यावर कधी थांबवून धरली नव्हती.

मुलगा मात्र टरबुजाकडं बघत नव्हता. तो ओट्यावर उकिडवा बसून पाईपाच्या बुडाकडं बघून राहिला होता. त्यानं सावलीच्या टोकाला खडूनं खूण केली होती आणि सावली त्या खुणेच्या आत आली तशी दुसरी केली होती, मग तिसरी. मेकॅनिक आहे तो. टरबुजाची गोष्ट त्याला पुरणार नव्हती.

"मामा, बघा!" सून ओरडली. ती कधी परत दारात आली होती ते मला कळलं नाही.

पाईपाच्या बुडाशी काही नव्हतं. चारी बाजूंनी पांढरी फरशी. एवढा थोरला पाईप उन्हात उभा आणि त्याचं जमिनीवर काही म्हणजे काही नाही. जणू कुणी तो चित्रात काढला होता आणि सावली काढायची राहून गेली होती. सून पळत आत गेली आणि स्टीलचा गिलास आणून फरशीवर पालथा घातला. त्यालाही सावली नाही. मग कुणी चप्पल उभी केली, कुणी काठी, आणि काठी हलायला लागली की सावली बाहेर यायची, सरळ धरली की आत. बाया आपल्या पायांकडं बघून हसायला लागल्या. मास्टर टोपीला हात लावून वर बघायला गेला आणि मी ओरडलो, "वर बघू नको, डोळे जातील, खाली बघ!"

मुलानं पाईपाभोवती बोट फिरवलं, जसा तो इंजिनात तेल गळतंय का ते बघतो. मग उभा राहिला, ताठ, आणि खाली वाकून न बघता नुसती नजर पायांकडं नेली.

"माझीबी गेली," म्हणाला.

थोडा वेळच टिकलं ते. मग पाईपाच्या दुसऱ्या अंगाला, पूर्वेला, दोऱ्याएवढी काळी रेघ आली आणि वाढायला लागली. मास्टर म्हणाला, "कलला," आणि चपला घालून मशिदीकडं चालू लागला. जाताना म्हणाला, "माझा वाटा ठेवा." टरबूज कापलं. चुलतभावानं टाचण्या काढायला मदत केली आणि सगळ्यात मोठी फोड घेतली.

लोक गेल्यावर मुलगा ओट्यावर बसून राहिला. मी टरबुजाच्या साली गोळा करायला लागलो. शब्द त्याचा होता, तो त्यालाच उचलू द्यायचा होता.

"बाबा," तो म्हणाला, "सावली गेली त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. ती जायचीच असंल, दरसालबी जात असंल. पण ती तिथं नांदेडात बसून हाय, आन् आपल्या दारातल्या फरशीवर काय होणार ते तिला ठाऊक होतं. मी रोज या फरशीवरनं जातो, मला न्हाई."

"मग?"

"मग काय. उदगीरला मीच जाऊन सांगतो. माणसं चांगली हायेत, फोनवर नको." मग म्हणाला, "पुण्याला तिला सोडायला मी जाणार. तुम्ही न्हाई."

"ते बघू," मी म्हणालो.

सून आत काहीतरी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि ती ओल्या हातांनीच दारात आली.

संध्याकाळी नातीचा फोन आला. पेपर कसा गेला ते न सांगता आधी तेच विचारलं, "आबा, गेली?"

"गेली."

"किती वाजता? बाराला नाही ना बघितलं? मी सांगत होते, तुम्ही फोन ठेवला."

"घड्याळ चुकीचं हाय," मी म्हणालो. "ते तुमच्या लोकांना सांग."

ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग हसू थांबवून हळूच विचारलं, "आणि पप्पा? पप्पा काय म्हणाले?"

"ते फोनवर बोलायची गोष्ट न्हाई," मी म्हणालो.

"आबा!"

"पेपर नीट लिही." आणि या वेळीही मीच आधी फोन ठेवला.

मुलाला वाटलं मी थट्टा करून राहिलो, सुनेनं मला पोरीचा जीव टांगणीला लावल्याबद्दल चार शब्द सुनावले आणि लगेच स्वतः फोन करायला घेतला. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. ज्या पोरीनं माझ्या दारात सूर्य आणून उभा केला, तिला अशी गोष्ट कानात सांगायची नसते. तोंडासमोर उभं राहून सांगायची असते. मंगळवारी तो सूर्य तिच्या हॉस्टेलवर जाणार होता, आणि त्याच्या आधी मला तिथं पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत आंघोळ केली, मास्टरनं शिवलेला नवा सदरा घातला, सुनेनं बांधून दिलेल्या भाकरी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि नांदेडच्या गाडीत जाऊन पुढच्या सीटवर बसलो.